मुक्कामी गाडी परत आणायची खटपट, जून 2024 पासूनच्या नोंदी

आधी थोडं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आमचं गाव तालुक्यापासून 23 किलोमीटर, डोंगराच्या अंगाला, एसटीचा रस्ता इथंच संपतो. मार्च 2020 पर्यंत रात्री पावणेआठला मुक्कामी गाडी यायची आणि सकाळी सव्वासहाला सुटायची. लॉकडाऊनमध्ये बंद झाली, मग ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 संप, संप मिटला, बाकी गाड्या हळूहळू आल्या, मुक्कामी तेवढी आली नाही. जून 2024 ला दुपारी 12 ची आणि 4 ची अशा दोनच फेऱ्या होत्या, त्याही आल्या तर. मी दूध संकलनावर असतो, पहाटे पाचपासून रस्त्यावरच, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं. गावाचं, डेपोचं, माणसांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, रोज त्यांच्याशीच गाठ आहे. दुसऱ्या कुठल्या गावाला अशीच गाडी परत आणायची असेल तर आमच्या चुका तरी वाचतील म्हणून लिहून ठेवतोय.

9 जून 2024, रविवार

देवळात मिटिंग. 40 जण आले, बोलले सहाच. ठरलं की निवेदन द्यायचं आणि सह्या घ्यायच्या. दोन दिवसात 212 सह्या झाल्या, आम्ही खूश. झेरॉक्स आणि टायपिंग 140 रुपये.

11 जून

निवेदन आमदारांच्या ऑफिसात दिलं, मंत्र्यांना ईमेल केला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, 60 अंगठे आले. डेपोत प्रत द्यायची कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

1 जुलै

तीन आठवडे वाट बघून ऑफिसात गेलो तर निवेदन तिथंच फायलीत. पोरांची शाळा 15 जूनलाच सुरू झालेली. तिथला पोरगा चांगला होता, म्हणाला दादा, फेरी चालू-बंद करायचं आगार व्यवस्थापक आणि विभाग नियंत्रक बघतात, आम्ही फार तर शिफारसपत्र देऊ, तुम्ही पहिलं डेपोत जाऊन पोच घ्या. म्हणजे 20 दिवस पाण्यात.

2 जुलै

डेपोत गेलो. व्यवस्थापक साहेबांनी निवेदन पूर्ण वाचलं हे कबूल करायला पाहिजे. मग कॉम्प्युटरवर काहीतरी बघून म्हणाले, "सह्या 212 आहेत तुमच्या. गेल्या आठवड्यात तुमच्या दुपारच्या गाडीला सरासरी 9 तिकिटं आहेत. ही 212 माणसं जातात कशानं?"

काय बोलणार. खरं म्हणजे 212 मधली 50-60 माणसं मुंबईला असतात, त्यांच्या सह्या आईबापांनी केलेल्या. उरलेली वडापनं, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या खाजगी जीपनं जातात. मीही त्या दिवशी मोटरसायकलवरच गेलो होतो आणि हेल्मेट टेबलावर ठेवून एसटी मागत होतो.

साहेबांनी दुसरंही सांगितलं की गाड्या जुन्या झाल्यात, रोज दोन-तीन वर्कशॉपमध्येच असतात, ज्या फेरीला उत्पन्न नाही ती पहिली कापली जाते. मी विचारलं मुक्कामी परत द्यायला किती उत्पन्न लागेल, तर म्हणाले भारमान दाखवा. गाडीच्या सीटांपैकी किती भरल्या त्याचा टक्का म्हणजे भारमान. हा शब्द मला त्या दिवशी कळला आणि पुढचे सहा महिने तोच जपत बसलो.

8 जुलै

सगळ्यात मोठी चूक, न लपवता लिहितो. तरुण पोरांचं म्हणणं निवेदनानं काही होत नाही, रस्ता रोको करू. मीही हो म्हणलं. फाट्यावर 35-40 जण बसलो आणि अडवली कुठली गाडी तर आमचीच 12 ची, कारण त्या रस्त्यावर दुसरी गाडीच येत नाही! आत सात प्रवासी, त्यातल्या एक आजी दवाखान्यातून परत येत होत्या. पाऊण तास उन्हात बसवलं त्यांना. आजी खाली उतरून जे बोलल्या ते इथं लिहिता येणार नाही.

वाहकाला वर लेखी उत्तर द्यावं लागलं, फेरीचे किलोमीटर बुडाले ते आमच्याच मार्गाच्या नावावर लागले, पुढचे दोन दिवस गाडी आली नाही. पोलीस पाटलांनी आम्हा पाच जणांना बोलावून समज दिली. ड्रायव्हर काका 20 वर्षांचे ओळखीचे, ते आठवडाभर माझ्याकडं बघत नव्हते. जी गाडी टिकवायचीय तीच अडवायची नाही, एवढंही आमच्या डोक्यात आलं नाही.

12 जुलै

माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप. उत्साहात 14 प्रश्न विचारले, मुक्कामी गाडी का बंद केली, गावावर अन्याय का, जबाबदार कोण वगैरे.

17 जुलै

आषाढी. पंढरपूरला यंदा 5000 जादा गाड्या जाहीर झालेल्या, त्या काय आकाशातून पडत नाहीत, डेपोडेपोतून जातात. आमच्या दोन्ही फेऱ्या चार दिवस बंद. यावर ओरडायचं नाही असं ठरवलं, गावातली 30 माणसं त्याच जादा गाडीनं वारीला गेली होती.

20 ते 27 जुलै: पहिली मोजणी (वाया)

ठरवलं की सकाळी सहा ते साडेसात तालुक्याला कितीजण जातात ते मोजायचं. मी डेअरीसमोर पुठ्ठ्यावर कागद लावून रेघा मारत बसलो. दोन घोटाळे झाले. एक तर मी फक्त आमच्या गावातलीच माणसं मोजली, सरासरी 14 निघाली, वाटेतल्या चार वाड्या सोडूनच दिल्या आणि खरे प्रवासी तर तिथंच. दुसरं म्हणजे जेल पेननं लिहिलं आणि शुक्रवारच्या पावसात सगळं निळं पाणी झालं. बॉलपेन वापरा, प्लॅस्टिकची पिशवी घ्या.

5 ते 19 ऑगस्ट: दुसरी मोजणी

यावेळी पाच थांब्यांवर पाच जण, सुट्ट्या सोडून 12 दिवस. बारावीच्या दोन पोरी, एक अंगणवाडीताई, एक रिटायर गुरुजी आणि मी. कागदावर रकाने पाडले: पूर्ण तिकीट, बायका (17 मार्च 2023 पासून त्यांना अर्धं तिकीट), 75 च्या वरचे (त्यांना फुकट), पासवाली पोरं. आणि शेवटी एक रकाना, आज कशानं गेले.

सरासरी आली 58, त्यातली 31 शाळा-कॉलेजची पोरं.

याच मोजणीत एक गोष्ट दिसली जी आम्हाला रोज दिसत होती पण डोक्यात शिरली नव्हती. मधल्या वाडीतली अकरावीची पोरगी वडापवाल्याच्या हातात 30 रुपये देते, आणि तिच्या कंपासपेटीत एसटीचा पास आहे. पोरींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, यंदा तर पास शाळेतच आणून दिले, पण सकाळी गाडीच नाही तर पास काय वहीला कव्हर घालायचा? परत येताना 4 च्या गाडीला तो चालतो. जायचे रोज 30, महिन्याचे 26 दिवस धरले तर 780. वाडीतल्या दोन पोरींनी याच कारणानं जूनमध्ये कॉलेजचं नाव काढून टाकलं, हे गुरुजींनी घरी जाऊन विचारल्यावर कळलं.

13 ऑगस्ट

अर्जाचं उत्तर आलं. "का" या प्रश्नाला उत्तर देणं माहितीच्या व्याख्येत बसत नाही, बाकी प्रश्न मोघम आहेत. बरोबरच आहे त्यांचं. जो कागद ऑफिसात आहे तोच मागायचा असतो, कारणं नाही मागायची.

15 ऑगस्ट

ग्रामसभा. ठराव घ्यायचा तर विषय नोटिशीत आधी घालायला लागतो, आम्ही तेही विसरलो, मग आयत्या वेळच्या विषयात घुसवला. तिथं खरी अडचण उघड झाली. सकाळची वडाप जीप सरपंचांच्या पुतण्याची. कुणी उघड विरोध केला नाही, पण चर्चा गटारावर गेली, गटारावरून पाण्याच्या टाकीवर, आणि दीड तासानं लोक उठायला लागले. शेवटी अंगणवाडीताई उभ्या राहिल्या आणि आमचा मोजणीचा कागद सरळ वाचून दाखवला, कुठल्या वाडीतले किती आणि पोरी किती. खाली बसताना एवढंच म्हणाल्या, "आता नको असेल तर नको म्हणून तरी लिहा." ठराव झाला. पुतण्या दोन महिने माझ्याशी बोलला नाही, दूध मात्र आमच्याच केंद्रावर घालत होता.

16 ऑगस्ट

दुसरा अर्ज, यावेळी एकच मागणी: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्या दोन फेऱ्यांचा रोजचा उत्पन्नाचा तक्ता. परत 10 रुपये.

27 ऑगस्ट

आजची नोंद मोठी आहे कारण सगळं काम इथून फिरलं.

4 ची गाडी वळवून मास्तर चहाला डेअरीत आले. जुने वाहक, मुक्कामी होती तेव्हा आठवड्यातून दोनदा तेच असायचे. मी नेहमीसारखा भारमान, ठराव सुरू केलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "दादा, एक विचारू का, तुम्ही ती खोली शेवटची कधी बघितली?"

ग्रामपंचायतीच्या मागं मुक्कामी स्टाफची खोली आहे, होती म्हणायला पाहिजे. किल्ली सापडेना, कुलूप दगडानं तोडलं. आत खताच्या रिकाम्या पोत्यांचा ढीग, वरचे दोन पत्रे उडालेले, भिंतीला कमरेपर्यंत ओल, एका कोपऱ्यात कुत्रीची पिल्लं. बल्बचा होल्डर होता, वायर नव्हती. संडास नाहीच, कधीच नव्हता. मास्तर दारातूनच म्हणाले, "पाच वर्षं मी सकाळी टमरेल घेऊन ओढ्यावर गेलोय, तुमच्याच गावातल्या बायका तिकडून यायच्या तेव्हा मान खाली घालून उभा राहायचो. 2019 च्या पावसात ड्रायव्हर रात्रभर गाडीतच झोपला. आता या ड्युटीला नाव लावलं की लोक सिक टाकतात. साहेब तुम्हाला हे सांगणार नाहीत, पण गाडी मागता तर माणसं कुठं ठेवणार?"

तीन महिने आम्ही गाडी मागत होतो आणि गाडीबरोबर दोन माणसं येतात हे कुणाच्या लक्षात नाही. त्या खोलीपासून माझं घर शंभर पावलांवर आहे.

त्यांनी आणखी एक सांगितलं. गाडी वळवायची जागा. पारासमोर आता दोन ट्रॉल्या आणि कुणाचा तरी विटांचा ढीग कायमचा असतो, तीनदा मागंपुढं करावं लागतं, अंधारात कुठला ड्रायव्हर ती रिस्क घेईल.

3-4 सप्टेंबर

कर्मचाऱ्यांचा राज्यभर संप, गणपती चार दिवसांवर. ग्रुपवर लोक कर्मचाऱ्यांना शिव्या द्यायला लागले, मी खोलीचे फोटो टाकले, ग्रुप शांत. दुसऱ्या दिवशी 6500 रुपयांची पगारवाढ ठरून संप मिटला.

7 ते 12 सप्टेंबर

गणपतीत आमच्याकडच्या गाड्या कोकणच्या जादा वाहतुकीला, म्हणजे फेऱ्या परत बंद. पण मुंबईकर मंडळी गावात होती म्हणून पैशाचा विषय काढला. देवळाच्या कळसाला याच मंडळींनी दोन वर्षांपूर्वी लाखात वर्गणी दिलेली. कंडक्टरच्या संडासाला म्हणल्यावर हसले. एकानं विचारलं दात्याचं नाव कुठं लावणार, संडासावर? मग एका काकांनी बाजू घेतली, ते स्वतः 40 वर्षांपूर्वी त्याच मुक्कामी गाडीनं पहिल्यांदा मुंबईला गेले होते. जीपेवर 15,500 जमले.

12 सप्टेंबर

दुसऱ्या अर्जाच्या उत्तराची 46 पानं आली, 2 रुपयांप्रमाणे 92 रुपये. 4 च्या गाडीचा तक्ता उघडला तर रोज 10-12 तिकिटं. आमच्या मोजणीत त्याच गाडीत 34 पासवाले उभ्यानं असतात! डेपोतल्या क्लार्क ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या पासाचा हिशोब पास देताना होतो, या तक्त्यात फक्त मशीनवर फाडलेली तिकिटं दिसतात. म्हणजे आम्हाला मिळालेल्या कागदावर गाडी रिकामी आणि रस्त्यावर खचाखच. आमचे मोजणीचे कागद आणि हा तक्ता शेजारीशेजारी लावून एका पानाचा अर्ज केला. पहिलं निवेदन तीन पानांचं होतं, त्यात शिवरायांपासून सुरुवात होती.

22 सप्टेंबर ते 13 ऑक्टोबर: खोली

खर्च जसा झाला तसा: पत्रे 6 नग 4,680, संडासाचं भांडं-टाकी-पाइप 7,200, दार 3,500, गवंडी 6 दिवस 5,400, हाताखालचा माणूस 3,000, सिमेंट-वाळू 4,150, वायर-बल्ब-पंखा 2,650, गाद्या आणि मच्छरदाण्या 3,100. एकूण 33,680. ग्रामपंचायतीनं स्वनिधीतून 12,000 दिले, मुंबईकर 15,500, गावातून 5,200, उरलेले 980 माझे. दोन लोखंडी खाटा गुरुजींनी दिल्या.

चूक: गवंड्यानं संडासाचं दार आत उघडणारं बसवलं, आत माणूस उभा राहिला की दार लागेना. परत काढून बाहेर उघडणारं केलं, एक दिवस त्यात गेला. खड्डा खणताना पाण्याची लाईन फुटली, अर्धं गाव दोन दिवस कोरडं, त्या दिवसांत आमच्या मोहिमेला कुणाचाच पाठिंबा नव्हता.

ट्रॉल्या हलवायला 2 ऑक्टोबरची ग्रामसभा वापरली. विटांचा ढीग ज्याचा होता त्याला आम्हीच पाच पोरं घेऊन विटा उचलून दिल्या, भांडण्यापेक्षा ते स्वस्त पडलं.

15 ऑक्टोबर

आचारसंहिता लागली. डेपोतून सांगितलं आता निवडणूक होईपर्यंत नवीन काही नाही. लोकशाही दिनात, म्हणजे महिन्यातून एकदा अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात तिथं, जायचं ठरवलं होतं, तोही आचारसंहितेत होत नाही. आधी ऑगस्टमध्ये एकदा गेलो होतो तर अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो हे माहीत नसल्यानं हात हलवत परत आलो होतो, तो महिना फुकट घालवला नसता तर कदाचित दिवाळीआधीच गाडी आली असती. चरफडलो.

20 नोव्हेंबर

मतदान. मतदान यंत्रं आणि कर्मचारी घेऊन आदल्या रात्री एसटी गावात मुक्कामाला आली. ड्रायव्हर आमच्या खोलीत झोपले. सकाळी म्हणाले पंखा कुरकुरतो, बाकी बेस. ते डेपोत जाऊन काय बोलले माहीत नाही, पण तिसऱ्या दिवशी वाहतूक नियंत्रकांचा मला फोन, खोलीचे फोटो पाठवा.

2 डिसेंबर

डेपोत बैठक. एक महिना प्रायोगिक, भारमान टिकलं तर पुढं. बदल्यात दुपारी 12 ची फेरी जाणार. यावर गावात दोन गट पडले, कारण 12 ची गाडी म्हणजे म्हाताऱ्यांची दवाखान्याची गाडी. मी सोडायला हो म्हणलं. आजही वाटतं की 12 ची निदान बाजाराच्या दिवशी ठेवा असं तरी मागायला पाहिजे होतं. ज्या आजींना आम्ही जुलैत उन्हात बसवलं त्यांचीच गाडी गेली.

निळ्या गाडीचंही विचारलं, मानव विकासची, पोरींसाठी असते ती. ती योजना 125 तालुक्यांत आहे, आमचा तालुका त्यात नाही. संपला विषय.

9 डिसेंबर, सोमवार

रात्री 7:50 ला गाडी आली. नारळ फोडायला सरपंच आणि पुतण्या दोघं पुढं. पहिल्या सकाळी 49 जण.

10 ते 31 डिसेंबर

चौथ्या दिवशी आकडा 38, सहाव्या दिवशी 33. वडापनं भाडं 30 वरून 20 केलं होतं. पासवाल्या पोरी आणि अर्ध्या तिकिटाच्या बायका एसटीतच, पण तिकीट काढणारे बाप्ये सगळे जीपमध्ये. गाडी आणायच्या सभेत टेबल वाजवून बोलणारेही जीपमध्येच, मी डेअरीतून बघतोय. ग्रुपवर नावं टाकावीत असं पोरं म्हणत होती, टाकली नाहीत. त्याऐवजी डेअरीतल्या माणसांना हिशोब सांगितला की महिन्यानंतर गाडी गेली की भाडं परत 30. काही आले, काही नाही. शेवटच्या आठवड्यात सरासरी 44.

पुतण्या एकदा सरळ बोलायला आला. सकाळी सहाची ट्रिप त्यालाही नको होती, पण जीपचा हप्ता आहे. मुक्कामी सव्वासहाला गेल्यावर त्यानं साडेआठपासून धंदा करायचा असं ठरलं, त्या वेळेला एसटी नाहीच. दवाखान्यातून आजींना दुपारी परत आणायचं काम आता त्याच्याकडं आहे, 75 च्या वरच्यांकडून 15 घेतो. एसटीत फुकट होतं.

25 जानेवारी 2025

आजपासून 14.95 टक्के भाडेवाढ. बाप्यांची गळती परत सुरू होणार. वर्तमानपत्रात वाचतो महामंडळाचा तोटा एवढा आणि तेवढा, आणि आपल्याच तिकिटावर सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतं, हे ग्रामसभेत सांगितल्यावर अर्ध्या लोकांना पटलंच नाही.

26 जानेवारी

ठराव: खोलीचं लाईट बिल आणि झाडलोट ग्रामपंचायतीकडं, विषय यावेळी नोटिशीत घातलेला. झाडायला महिना 400 द्यायचे ठरले. प्रायोगिकची मुदत संपून 17 दिवस झालेत, लेखी मुदतवाढ आलेली नाही, गाडी चालू आहे, त्यामुळे आम्ही विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत.

10 फेब्रुवारी

रात्री 8:15 ला ड्रायव्हर काकांचा फोन, गाडी घाटात बंद पडली, क्लच प्लेट. उद्या बारावीचा पहिला पेपर आणि गाडीवर अवलंबून 11 पोरं. वाहतूक नियंत्रकांना फोन लावला, पहिल्या रिंगला उचलला. म्हणाले सकाळी पाचला डेपोतून दुसरी सोडतो, तुमच्याकडं सहापर्यंत येईल, पण परतीला लगेच निघेल, पोरं उभी ठेवा.

11 फेब्रुवारी

6:20 ला आली. आमच्याकडून चार पोरं, बाकीची वाड्यांवरून. मास्तरांनी गाडी वळेपर्यंत खोलीचं कुलूप काढून बघितलं, म्हणाले रात्री नुसतीच रिकामी राहिली, आणि टाकीतलं पाणी संपलंय ते भरून ठेवा म्हणाले. आजचा आकडा 47. टाकी भरायची आहे.